विस्तव कोणी विझवला?

१

‘बाबा, चहा,’ म्हणत मुलगी दार ढकलून आत शिरली.

वडिलांचा चेहरा गुलाबी दिसत होता. कंबरेचे हाड मोडून अंथरुणाला खिळल्यापासून तो मेणासारखा पिवळट पडला होता. त्यामुळे क्षणभर तिला वाटले, आज बाबांना बरे वाटते आहे. तेवढ्यात तिच्या पाठीमागे, खोलीबाहेरच्या बोळातल्या भिंतीवरचे विषारी वायूची सूचना देणारे यंत्र कर्कश किंचाळू लागले. इतका वेळ ते गप्प होते, कारण दाराखालच्या फटीत तिनेच रात्री बाहेरून जुन्या चादरीची गुंडाळी खोचली होती. बाबांना गारठा लागू नये म्हणून.

कप तिच्या हातातून कधी सुटला हे तिला नंतरही सांगता आले नाही.

भिंतीतल्या शेकोटीत भाजलेल्या मातीच्या खोट्या ओंडक्यांवर गॅसच्या खऱ्या ज्वाळा जळत होत्या. धुराड्याच्या गळ्यातली लोखंडी झडप मात्र घट्ट बंद होती. धूर, आणि धुरात न दिसणारे ते विष, रात्रभर खोलीतच साचत राहिले होते.

“शेकोटी पेटवली कोणी?” पोलीस अधिकाऱ्याने विचारले.

“ठाऊक नाही. मी खोलीतून निघाले तेव्हा ती विझलेली होती.”

“घरात आणखी कोण होतं?”

“मी आणि बाबा.”

“त्यांना उठता येत होतं?”

“कूस बदलायला मी लागायची, साहेब.”

“ती पेटवायचा रिमोट कुठे होता?”

तिने शेकोटीवरच्या फळीकडे बोट दाखवले. पलंग खिडकीशी, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हाताऱ्याचा हात तिथवर पोहोचणे शक्य नव्हते. घराच्या दाराची कडी आतून लावलेली.

“ताई,” अधिकारी जड आवाजात म्हणाला, “मग काय, भुतानं पेटवली असं लिहू?”

२

गॅस सुरक्षा विभागाच्या कचेरीत, तपासनीस बाईंच्या टेबलासमोर, एक स्त्री खुर्चीच्या कडेवर बसली होती. शेकोटी बसवणाऱ्या मिस्त्रीची ती बायको. नवरा कोठडीत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभे करायचे होते.

प्रकरण वरवर सरळ होते. लाकडं जाळायच्या जुन्या शेकोटीत गॅसचे उघडे ओंडके बसवायचे, तर धुराड्याची झडप पुन्हा कधीही पूर्ण बंद होता कामा नये, असा नियम आहे. त्यासाठी झडपेच्या कडेला लोखंडी क्लॅम्प आवळून ठेवायचा. मग कोणी कितीही ओढले तरी तेवढी फट उघडीच राहते. त्या घरातली झडप बंद झाली होती आणि शेकोटीत, राखेच्या कोनाड्यात, कुठेही क्लॅम्प सापडला नव्हता. मिस्त्रीने तो बसवलाच नाही, असा निष्कर्ष पोलिसांनी काढला होता. तांत्रिक अहवालावर बाईंची सही तेवढी राहिली होती.

“मॅडम, त्यांच्या हातून असं होणार नाही,” बायको म्हणाली. “जेवायला बसल्यावर भाजीत मीठ कमी पडलं तर चालवून घेतील, पण नळीचा आटा अर्धा फिरलेला चालायचा नाही त्यांना.”

“तसं ते स्वतः सांगतात का?”

तिने पदर मुठीत आवळला. “तेच तर सांगत नाहीत ना.”

कोठडीतला मिस्त्री तळहातावर तळहात घासत बसला होता. डोळे खोल गेले होते.

“क्लॅम्प लावला होता?” बाईंनी विचारले.

“लावतोच मी.”

“‘लावतोच’ असं नाही विचारलं. त्या घरात लावला होता?”

त्याने तळहात घासणे थांबवले. मग म्हणाला, “मॅडम, आज घरून निघताना कुलूप लावलंत?”

“लावलं.”

“शपथेवर सांगाल? आजचं, कालचं नव्हे. किल्ली फिरली तो क्षण आठवतोय?”

बाईंनी आठवून पाहिले. शेकडो वेळा फिरलेली किल्ली आठवली, आजची आठवेना.

“माझं तसं झालंय,” तो म्हणाला. “डोळे मिटले की मी त्या धुराड्यात वाकलेला असतो. एकदा हातात क्लॅम्प असतो, एकदा नसतो. इतक्या घरी लावलाय की हेच एक घर आठवत नाही. धुराडं घासून पार पत्र्यापर्यंत स्वच्छ केलं, ते आठवतं. म्हातारबाबा तेव्हा हिंडतेफिरते होते. त्यांना आणि त्यांच्या मुलाला समोर उभं करून नियम सांगितले, तेही आठवतं. क्लॅम्प आठवत नाही.”

“मग उद्या कोर्टात काय सांगणार?”

“कबूल करणार.”

“न आठवता?”

“माणूस मेलाय, मॅडम. कुणाच्या तरी हातून मेलाय. इकडे तिकडे बघतो तर मला माझेच हात दिसतात.”

३

मृत गृहस्थ घड्याळे दुरुस्त करीत. सगळा मोहल्ला त्यांना घड्याळकाका म्हणे. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर अजूनही घड्याळे टकटकत होती. प्रत्येकाची वेळ थोडी निराळी, कारण इतक्यांना एकमेकांशी जुळवून ठेवणारा हात आता नव्हता.

बोळात, दाराजवळच्या खुंट्यांवर त्यांची टोपी होती, छत्री होती आणि एक कापडी पिशवी होती. पिशवीतून जाड हातमोज्याची बोटे बाहेर डोकावत होती. बाई त्यावरून नजर फिरवून आत गेल्या.

“तुम्हीही तेच विचारणार,” मुलगी म्हणाली. ती पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. “विझली होती का, नक्की विझली होती का. भाऊ विचारतो, पोलीस विचारतात, शेजारच्या काकू डोळ्यांनी विचारतात. हो, विझली होती! मी विस्तवाशी खेळत मोठी झालेय, मॅडम. पेटलेली आग आणि विझलेली आग मला कळत नाही का?”

“झडप तुम्ही बंद केलीत?”

“मीच. नाही म्हणतेय का? आईनं शिकवलंय लहानपणापासून. आग पूर्ण गेली की आकडीनं झडप ओढून घ्यायची, नाहीतर घरातली ऊब धुराड्यावाटे पळून जाते. आणि पेटवण्याआधी उघडायची. त्यात एक दिवस चुकले नाही मी. त्या संध्याकाळी भाऊ आला होता, बाबांजवळ बसला, गेला. मी भांडी आवरून आत आले. बाबा झोपले होते, शेकोटी गार होती. झडप लावली, पांघरूण नीट केलं, दाराखाली गुंडाळी खोचली. एवढंच केलं.”

“झडपेवर काही बसवलेलं होतं का?”

“साहेबांनीही विचारलं हे. बसवलेलं काही नव्हतं.”

बाई पाठीवर आडव्या झाल्या. डोके शेकोटीत घालून त्यांनी विजेरीचा झोत वर टाकला. मिस्त्रीने खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर गॅसच्या काजळीचा नवा, मखमलीसारखा पातळ थर बसला होता. झडपेच्या कडेवर मात्र एका जागी काजळी नव्हती. बोटाएवढा रुंद, सरळ कडांचा, उघड्या लोखंडाचा एक तुकडा तेवढा झगझगत होता. फोटोची चौकट काढल्यावर भिंतीवर उरतो तसा.

काजळी धरत होती तेव्हा तो भाग कशाने तरी झाकलेला होता. म्हणजे शेकोटी पेटू लागल्यावरही कितीतरी दिवस क्लॅम्प तिथे आवळलेला होता.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर काजळीचा फराटा उमटला होता. मिस्त्री निर्दोष होता. आणि क्लॅम्प कोणीतरी हाताने फिरवून काढला होता. या घरातल्याच कोणीतरी.

४

धाकटा भाऊ दुपारी आला. विजेच्या उपकरणांच्या दुकानात तो नोकरीला होता.

“मिस्त्रीला सोडवायला आलात?” त्याने दारातूनच विचारले. “आमचा बाप गेलाय, मॅडम. त्याचा नाही.”

“अरे, नीट बोल,” बहीण म्हणाली.

“तू गप्प बस, ताई. विसरली असशील शेकोटी चालू. दमलेली असतेस, कबूल करून टाक ना एकदाचं. कोण फाशी देणार आहे तुला?”

“मी विसरले?” तिचा आवाज फाटला. “महिन्यातून एकदा पाहुण्यासारखा येतोस, बाबांच्या उशाशी बसून फळं खातोस आणि मला शिकवतोस? त्यांची पाठ कोण पुसायचं रे? नखं कोण कापायचं?”

“ऐका,” बाई म्हणाल्या. “भाऊ, तुम्ही निघालात तेव्हा शेकोटी कशी होती?”

“पेटलेली. छान पेटलेली होती. बाबांना झोप लागली म्हणून मी उठलो.”

“बंद केलीत?”

“नाही. त्यांना ऊब हवी होती.”

“रिमोट कुठे ठेवलात?”

“फळीवर.”

“ताई, तुम्ही गेलात तेव्हा ती विझलेली होती. मधल्या वेळात आत कोण गेलं?”

“कोणीच नाही. मी समोर स्वयंपाकघरात होते. बोळातून माणूस गेला असता तर दिसला असता.”

“तुमचे वडील फळीपर्यंत पोहोचणार नाहीत. मग मला एवढंच सांगा,” बाई हळू म्हणाल्या, “विझवली कोणी?”

भावंडांनी एकमेकांकडे पाहिले. शेकोटी पेटवली कोणी, हे आजवर प्रत्येकाने विचारले होते.

“आणि हा रिमोट बसवला कोणी?”

“मिस्त्रीनंच,” भाऊ चटकन म्हणाला.

“या मिस्त्रीची एक सवय आहे. साबणाच्या फेसानं सांधा तपासला की तो त्यावर लाल रंगाचा ठिपका देतो. गॅसच्या प्रत्येक सांध्यावर आहे, आणि भिंतीतल्या स्विचकडून येणाऱ्या तारेच्या जोडावरसुद्धा होता, अर्धा कापला गेलाय. तुमच्या रिमोटची डबी त्याच कापलेल्या तारेला काळ्या टेपनं जोडलीय. आणि भिंतीवर जिथे स्विच होता, तिथे लांबी भरून वर कॅलेंडर टांगलंय.”

“तू तर म्हणाला होतास, मी बाजारात गेले तेव्हा मिस्त्रीच बसवून गेला,” बहीण म्हणाली. बाईंनी आकडीने झडप पूर्ण उघडली, खिडक्या सताड उघडल्या, वायू मोजायचे यंत्र हातात धरले आणि पोलिसांनी बंद केलेला गॅसचा कॉक फिरवला. ओंडक्यांमागची कायम तेवणारी निळी बारीक ज्योत त्यांनी पेटवली. मोठी आग लागली नाही. रिमोट फळीवर जिथल्या तिथे होता.

“आता थांबायचं,” त्या म्हणाल्या. “कोणी कशाला हात लावायचा नाही.”

खिडकीतून बोचरी हवा आत येत राहिली. मुलीने शाल घट्ट ओढली. भाऊ शेकोटीकडे पाहत नव्हता. त्याची नजर पलंगावरच्या रिकाम्या गादीवर खिळली होती.

टक्, असा बारीक आवाज झाला.

आणि खोलीतल्या तिघांपैकी कोणीही जागचे हललेले नसताना, ओंडक्यांवर भप्पकन ज्वाळा उठल्या.

मुलगी किंचाळली.

५

“त्यांना थंडी वाजू नये म्हणून,” भाऊ म्हणाला. तो भिंतीला टेकून खाली बसला होता. “एवढंच होतं माझ्या मनात. ताईला रात्री उठावं लागू नये. खोली गार झाली की आपोआप पेटेल, गरम झाली की आपोआप विझेल. रिमोट मागच्या खेपेला मीच बसवला होता, पण हे आपोआपचं बटण त्या संध्याकाळीच चालू केलं. ताई कामात होती, म्हटलं उद्या सांगू.”

“खोक्यावर काही सूचना होती?”

“काच बंद असलेल्या शेकोटीसाठीच, असं काहीतरी होतं. मला वाटलं, आग ती आग. काच असली काय, नसली काय.”

बाईंनी गॅस बंद केला. उघड्या ओंडक्यांची शेकोटी थर्मोस्टॅटला, म्हणजे गारवा पाहून आपोआप पेटवणाऱ्या यंत्राला, कधी जोडायची नसते, हे त्यांनी शांतपणे सांगितले. जाग्या माणसाने झडप पाहून ती पेटवायची आणि त्यानेच ती विझवायची. यंत्राला गारठा कळतो. झडप उघडी की बंद, हे त्याला कळत नाही. ताईने पाहिली ती आग खरोखरच विझलेली होती, कारण खोली तेवढी तापली होती. मग तिने झडप लावली. रात्र चढली, खोली गार झाली.

मुलीने तोंडावर हात घेतला. “म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.”

“नाही. तुम्ही एक शब्दही खोटं बोलला नाहीत.”

“पण क्लॅम्प असता तर झडप लागलीच नसती!” भाऊ एकदम उसळला. बुडत्याला काठ दिसावा तसा त्याचा चेहरा झाला. “मग दोष मिस्त्रीचाच ना? सांगा ना, मॅडम!”

“क्लॅम्प होता. काजळीत त्याची खूण आहे. तो कोणीतरी काढला.”

“मी नाही. बाबांची शपथ, मी वर हातसुद्धा घातला नाही.”

“मॅडम,” मुलगी मध्येच म्हणाली, “हा क्लॅम्प दिसतो कसा?”

बाईंनी अंगठा आणि बोट वाकवून आकार दाखवला. खाली फिरवायचा स्क्रू असतो, म्हणाल्या.

मुलगी उठली. बोळात जाऊन खुंटीवरची कापडी पिशवी घेऊन आली. आधी तिने हातमोजा काढला, मग एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली लोखंडी वस्तू.

“हा? हा तर मिस्त्रींचा आहे. काम करताना वरच विसरून गेले होते. मध्यंतरी कडाक्याची थंडी पडली, धुराड्यातून वारा यायला लागला, तेव्हा कळलं झडप पुरती लागतच नाहीये. आकडीनं चाचपलं तर हे अडकलेलं. फिरवून काढलं, धुतलं, पुसलं. त्यांचा हातमोजाही इथंच राहिला होता, म्हणून दोन्ही एका पिशवीत घालून ठेवलं. कष्टाच्या माणसाचं हत्यार, हरवलं तर त्याला...”

बोलता बोलता तिने भावाकडे पाहिले. मग बाईंकडे. त्यांनी नजर खाली वळवली, आणि ते तिला पुरले.

“मी त्यांची वस्तू सांभाळून ठेवली होती,” ती अगदी लहान आवाजात म्हणाली.

भाऊ सरकत तिच्याजवळ आला. ‘ताई,’ म्हणाला, आणि त्याने तिच्या शालीचे टोक धरले.

६

बाईंनी अहवाल लिहिला. मिस्त्रीला कबुलीची संधी मिळण्याआधीच सोडण्यात आले. भावाने रिमोटविषयी पुन्हा, या वेळी खरा, जबाब दिला. त्याचे पुढे काय व्हायचे ते कोर्ट ठरवणार होते. मुलीविरुद्ध काही लिहावे असा कोणताही नियम बाईंना सापडला नाही. सापडला असता तर कदाचित तिला सोपे गेले असते, असे मात्र त्यांना वाटून गेले.

कोठडीच्या दारात मिस्त्रीच्या बायकोने त्याचा दंड पकडला आणि ती रडू लागली. तो रडला नाही. त्याने विचारले, “मग काढला कोणी?” बाईंनी सांगितले. सांगताना त्यांनी एक प्रश्नही विचारला, जो अहवालात घालायला जागा नव्हती.

“तुम्ही नियम समजावलेत तेव्हा त्या घरात विस्तव कोण सांभाळतं, हे विचारलंत?”

मिस्त्री आठवू लागला. हे त्याला लख्ख आठवत होते. “बाबा समोर होते, मुलगा समोर होता. ताई आत होती. मला पाणी आणून दिलं आणि परत गेली.” तो थांबला. “मी दोघा पुरुषांना सगळं सांगितलं. तिला नुसतं ‘पाणी गार आहे’ म्हणालो.”

दुसऱ्या दिवशी गॅसची जोडणी कायमची काढायची होती. ते काम दुसऱ्या कोणालाही जमले असते, पण मिस्त्री स्वतः गेला. बाईही गेल्या. नळीच्या तोंडाला टोपण बसवून त्याने लाल ठिपका दिला. हात पुसत तो उठला, तेव्हा मुलगी पिशवी घेऊन उभी होती.

“तुमच्या वस्तू.”

त्याने हातमोजा घेतला. क्लॅम्प घेतला नाही.

“हातमोजा विसरलो होतो, ताई. हा विसरलो नव्हतो. हा इथंच राहायचा होता.” त्याने हातमोजा मुठीत चुरगळला. “विसरलो ते तुम्हाला आतून बोलवायला.”

“बोलावलं असतंत तर आले असते मी,” ती म्हणाली. रागाने नव्हे, हिशेब चुकलेल्या माणसासारखी. “भांडी ठेवून आले असते. किती वेळ लागतो हे सांगायला?”

“फार नाही.”

“मग दाखवा.”

“आता गॅस नाही, ताई. आता त्याचा काही—”

“दाखवा म्हणते ना.”

त्याने बाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. तो शेकोटीसमोर गुडघ्यांवर बसला, ती त्याच्या शेजारी बसली. झडपेच्या कडेवर, काजळी नसलेल्या त्या जागी, त्याने क्लॅम्प ठेवला. तो बरोबर बसला. “असा धरायचा. आणि हा स्क्रू असा, घट्ट होईपर्यंत. हा काढायचा नाही, कितीही वारा आला तरी.” तिने हात पुढे केला आणि शेवटचे आटे स्वतः फिरवले.

मग तिने आकडी उचलली, झडपेच्या कडीत अडकवली आणि ओढली.

झडप थोडी सरकली आणि अडली. तिने पुन्हा ओढली. पाय भिंतीला रोवून, दोन्ही हातांनी, दात आवळून ओढली. भाऊ दारात उभा राहून पाहत होता. वरून गार वारा तिच्या तोंडावर येत होता, काजळीचे कण गालांवर पडत होते. ती ओढत राहिली, आणि झडप काही केल्या बंद होत नव्हती.